सरखेल कान्होजी आंगरे : देशावरचं नाव, समुद्रावरचा दरारा

मी पालीचा. आमच्या गावाच्या डोक्यावर राजगड, आणि गडाचा पाली दरवाजा आमच्याच नावाचा. समुद्र मात्र घाटाखाली, लांब. त्यामुळे आरमार म्हणजे कोकणातल्या लोकांचं काम, असंच वाटायचं. पण राजगड राजधानी असतानाच महाराजांनी कल्याण-भिवंडीला गलबतं बांधायला घेतली आणि १६६४ साली सिंधुदुर्गाचा पायाही घातला.

गेल्या सुट्टीत ओहोटी बघून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलो, गावातली कान्होजींची समाधीही पाहिली. आणि कळलं काय, तर आंगरे घराणं मूळचं आपल्याच पुणे जिल्ह्यातलं! आडनाव संकपाळ; आंगरवाडीवरून आंगरे झाले. वडील तुकोजी सुवर्णदुर्गावर चाकरीला होते. कान्होजींचा जन्म १६६९ चा.

१६९८ मध्ये ते मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख झाले. त्यांच्या जहाजांची रचना आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी जरूर बघावी. गुराब हे तोफांचं मोठं जहाज, गलबत लहान आणि वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजं जागीच खोळंबत. इकडे गलबतं दोर लावून गुराबांना ओढत नेत आणि तोफा डागून उथळ खाडीत पसार होत. पाठलाग करणारं मोठं जहाज तिथे शिरणार कसं?

इंग्रज त्यांना चाचा म्हणत. आता बघा, समुद्रात परवाने विकण्याचा धंदा पोर्तुगीजांनी आधीच चालवला होता. मग आपल्याच किनाऱ्यावर कान्होजींनी दस्तक मागितलं, ते नसलेलं जहाज धरलं, तर तो दरोडा कसा?

१७१३ साली शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडलं. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे; त्यांनी पेशव्यांनाच कैद केलं! पुढे नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ लढाईऐवजी बोलणी करायला आले. १७१४ मध्ये तह झाला, कान्होजी शाहूंकडे आले आणि घरातली लढाई टळली.

त्याचं फळ लगेच दिसलं. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रज आले, हात हलवत परत गेले. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. कान्होजींच्या मदतीला सातारकरांची फौज धावली, बाजीराव आले. पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. मग मुलांत भाऊबंदकी माजली. १७५६ साली तर पेशव्यांनी इंग्रजांनाच सोबत घेऊन तुळाजी आंगऱ्यांवर स्वारी केली. विजयदुर्गाच्या बंदरात आंगऱ्यांचं आरमार जळून खाक झालं. परक्यांना तीस-चाळीस वर्षं जे जमलं नाही, ते आपल्या भांडणाने करून दाखवलं!

आज मुंबईतला नौदलाचा तळ आयएनएस आंग्रे या नावाने ओळखला जातो आणि खांदेरी बेटालाही कान्होजींचं नाव आहे. होस्टेलची पोरं अलिबागला जातात ती बीचवर. जरूर जा, पण भरती-ओहोटीची वेळ विचारून किल्ल्यातही जा. आणि गावातल्या समाधीपाशी दोन मिनिटं थांबा. घाटावरच्या पोरांनी तर नक्कीच!