नटश्रेष्ठ गुब्बी वीरण्णा

कर्नाटकात तुमकूर शहराच्या पश्चिमेस, नारळीच्या बागांनी वेढलेले गुब्बी नावाचे एक लहानसे गाव आहे. कानडी भाषेत गुब्बी म्हणजे चिमणी. गावाच्या मध्यभागी श्रीचन्नबसवेश्वराचे देवालय आहे. १८८४ साली या गावातील चंदण्णा नावाच्या गृहस्थांनी व त्यांच्या काही नाटकवेड्या मित्रांनी एकत्र येऊन एक नाटकमंडळी उभी केली आणि तिला ग्रामदैवताचेच नाव दिले. चिमणीएवढ्या गावातून निघालेली ही मंडळी पुढे साऱ्या दक्षिण देशात गाजली. ज्या पुरुषाने तिला हा लौकिक मिळवून दिला, त्याचे नाव गुब्बी वीरण्णा.

महाराष्ट्राचा आणि कर्नाटकातील खेळ्यांचा ऋणानुबंध फार जुना आहे. कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि तसा खेळ मराठीत करून दाखविण्याची आज्ञा विष्णुदास भावे यांना केली. त्यातूनच १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही बेळगावकडील गुर्लहोसूरचे. पुढे मराठी मंडळ्या हुबळी-धारवाडपर्यंत मुक्काम करू लागल्या आणि त्यांची पदे ऐकून कानडी नटांनीही पुष्कळ घेतले. तेव्हा वीरण्णांचे चरित्र हे मराठी वाचकाला अगदीच परक्या घरचे वाटू नये.

वीरण्णांचा जन्म १८९१ साली झाला. त्यांच्या वडिलांचे नाव हंपण्णा. ज्या वयात मुले पाटीवर अक्षरे गिरवितात, त्या पाचव्या-सहाव्या वर्षीच वीरण्णा गावच्या नाटकमंडळीत दाखल झाले. रंगपट हेच त्यांचे घर झाले आणि तीच त्यांची शाळा. त्या काळी नाटकमंडळीत वाढणाऱ्या मुलाचे शिक्षण कसे होई, हे समजून घेण्यासारखे आहे. पहाटे उठून पेटीबरोबर गळा तयार करावयाचा, दिवसा थोरांच्या तालमी पाहावयाच्या, त्यांची भाषणे ऐकून ऐकून पाठ करावयाची, आणि रात्री ध्रुव, प्रल्हाद, कृष्ण यांच्यापैकी एखाद्या बालकाची भूमिका करावयाची. नाटक चार-पाच तास चाले. पोर विंगेत झोपून जाई. कोणीतरी त्याला हलवून उठवी आणि प्रकाशात ढकली. डोळे चोळीत रंगमंचावर गेलेल्या मुलाला समोर बसलेल्या शेकडो माणसांना जागे ठेवावयाचे असे!

मंडळीचे जीवन फिरतीचे होते. एका गावातील उत्पन्न आटू लागले की बिऱ्हाड उचलावयाचे. रंगविलेले पडदे गुंडाळावयाचे, मुकुट, गदा, धनुष्ये, पोषाखाच्या पेट्या गाड्यांवर लादावयाच्या, आणि पुढल्या गावी जाऊन बांबू, चटया व पत्रे यांचे नाटकगृह नव्याने उभारावयाचे. नट, गवई, पडदे ओढणारे, शिंपी, आचारी आणि त्यांची बायकामुले अशी सारी माणसे एकाच पंक्तीला जेवीत. पाऊस लागला आणि खेळ बंद पडला, तरी ही पंगत बंद पडत नसे; तिचा खर्च मालकाला करावाच लागे.

तरुणपणी वीरण्णांनी नाना प्रकारच्या भूमिका केल्या. परंतु त्यांचे खरे मर्म विनोदात होते. ‘सदारमे’ या नाटकातील चोराची भूमिका ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका होय. सदारमा नावाच्या सद्गुणी स्त्रीवर ओढवलेल्या संकटांची ही कथा. रीतीप्रमाणे पाहता या नाटकात मान नायक-नायिकेचा. चोर हा मधेच येऊन जाणारा. परंतु वीरण्णा चोर होऊन रंगमंचावर आले की प्रेक्षक नायकाला विसरून जात. हा चोर भित्राही होता, लबाडही होता, आणि आपल्या लबाडीवर स्वतःच खूष होणारा होता. लिहून दिलेल्या भाषणात ते समयसूचकतेने भर घालीत. गावात नुकतेच काही घडले असेल तर त्याचा चिमटा त्यात हटकून असे. एकच नाटक लोक पुनःपुन्हा पाहावयास येत, त्याचे एक कारण हे होते. राजाचे सोंग मुकुटाने निम्मे सजते. विदूषकाच्या मदतीला मात्र स्वतःच्या अंगावाचून दुसरे काही नसते.

१९१७ साली मंडळीची मालकी वीरण्णांकडे आली. त्या वेळी ते सव्वीस वर्षांचे होते. नट असणे निराळे आणि नाटकमंडळीचा मालक असणे निराळे. नटाला टाळी पुरते. मालकाला गल्ला मोजावा लागतो. महाराष्ट्रात बालगंधर्वांसारखा अलौकिक गायक-नट होऊन गेला. पण त्यांची मंडळी कर्जाच्या विळख्यातून कधी पुरती सुटली नाही. वीरण्णांनाही चढउतार चुकले नाहीत. परंतु माणसे निवडण्याची, त्यांना कामाला लावण्याची आणि सांभाळण्याची विद्या त्यांना साधली होती. त्यांची मंडळी एवढी वाढली की तिच्या निरनिराळ्या शाखा एकाच वेळी निरनिराळ्या गावी खेळ करू लागल्या. लहान मुलांचीही एक स्वतंत्र शाखा त्यांनी काढली. मंडळीने आंध्र व तमिळ मुलखातही मुक्काम केले. कानडी आणि तेलुगू अशा दोन्ही प्रांतांतील कीर्तीमुळे त्यांना ‘कर्नाटकांध्र नाटक सार्वभौम’ अशी पदवी मिळाली.

वीरण्णांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट मात्र पदव्यांहून मोठी आहे. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. कुलीन घरातील स्त्रीने रंगभूमीवर पाऊल टाकणे लोकांना रुचत नसे. आणि ज्या स्त्रिया ते टाकीत, त्यांना नावे ठेवली जात. मराठीत ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनी स्त्रियांची कामे केली, ती १९३३ साली, आणि तीही केवढी नवलाईची गोष्ट ठरली! वीरण्णांनी आपल्या मंडळीत स्त्रियांना मानाचे स्थान दिले. कानडीतील व्यावसायिक मंडळ्यांत हे धाडस करणाऱ्यांत ते अग्रेसर होते. त्यांची पत्नी सुंदरम्मा याही रंगभूमीवर काम करीत. बी. जयम्मा या गुणी अभिनेत्रीने तर वीरण्णांच्या बरोबरीने नाटकांत आणि पुढे चित्रपटांत मोठे नाव मिळविले. त्याही पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. नाटकात स्त्री आली ती अशी मालकाच्या घरातूनच आली. त्यामुळे टीका करणाऱ्यांचे तोंड थोडे तरी बंद झाले असेल.

१९३४ साली मंडळीने ‘कुरुक्षेत्र’ हे नाटक मोठ्या थाटाने रंगभूमीवर आणले. या नाटकात खरेखुरे हत्ती आणि घोडे रंगमंचावर येत. विजेच्या दिव्यांची करामत, भव्य पडदे आणि झगमगते पोषाख यांनी प्रेक्षकांचे डोळे दिपून जात. खेड्यापाड्यांतून लोक गाड्या जुंपून हे नाटक पाहावयास येत. अशा देखाव्यांमुळे अभिनयाकडे दुर्लक्ष होते, असा आक्षेप घेणारे जाणते लोक तेव्हाही होते, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. हत्ती आल्यावर नटाकडे कोण पाहणार? परंतु वीरण्णांच्या पुढे एक नवाच प्रतिस्पर्धी येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्याशी झुंजावयाचे तर हत्तीही अपुरेच होते.

हा प्रतिस्पर्धी म्हणजे चित्रपट. वीरण्णांनी तो येताना दुरूनच पाहिला होता. बहुतेक नाटकमंडळ्यांनी त्याला शत्रू मानले. वीरण्णांनी त्याच्याशी सोयरीक जुळविण्याचे ठरविले. १९३० च्या सुमारास त्यांनी एक चित्रपटसंस्था काढून काही मूकपट तयार केले. तोच बोलपटांचा जमाना आला आणि मूकपट मागे पडले. ‘सती सुलोचना’ हा पडद्यावर झळकलेला पहिला कानडी बोलपट १९३४ सालचा. त्याचे चित्रीकरण झाले ते कोल्हापुरास, छत्रपती सिनेटोनमध्ये. कारण कर्नाटकात तेव्हा बोलपट काढण्याची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी ‘सदारमे’ चा बोलपट निघाला. त्यानंतर ‘सुभद्रा’ (१९४१), ‘जीवन नाटक’ (१९४२), ‘हेमरेड्डी मल्लम्मा’ (१९४६) असे त्यांचे चित्रपट आले. यांपैकी ‘जीवन नाटक’ मध्ये शांता हुबळीकर होत्या. प्रभातच्या ‘माणूस’ मधील त्यांची भूमिका मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची आहे.

चित्रपटाशी जुळविलेली ही सोयरीक सुखाची झाली, असे मात्र म्हणता येत नाही. चित्रपटाने नाटकाचे नट घेतले, नाटकाच्या कथा घेतल्या, आणि शेवटी नाटकाचा प्रेक्षकही घेतला. जे नाटकगृह काल शंभर माणसांची पंगत पोशीत होते, त्यातच आज एक पडदा आणि एक यंत्र पुरेसे झाले. लहानसहान मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. वीरण्णांनी नाटक सोडले नाही. चित्रपटात मिळालेले नाव आणि धन घेऊन ते पुन्हा आपल्या रंगमंचाकडे वळत. नवा व्यवसाय त्यांनी स्वीकारला, तो जुन्याला जगवावे म्हणून. आणि नवाच जुन्याला गिळीत चालला होता. हा पेच त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही. तो एकट्या माणसाने सुटण्याजोगा नव्हताच.

परंतु त्यांच्या मंडळीने घडविलेली माणसे कानडी चित्रपटाला शतगुणी फळली. कोळेगालकडील सिंगानल्लूर पुट्टस्वामय्या हे मंडळीतील एक नट. त्यांचा मुलगा मुत्तुराज वडिलांच्या मागोमाग मंडळीत आला आणि लहानसहान कामे करू लागला. १९५४ साली वीरण्णांच्या संस्थेने ‘बेडर कण्णप्पा’ या चित्रपटाच्या निर्मितीत भाग घेतला. शिवलिंगाच्या डोळ्यांतून रक्त वाहताना पाहून स्वतःचे डोळे काढून वाहणाऱ्या भोळ्या व्याधाची ही कथा. दिग्दर्शक एच. एल. एन. सिंह यांनी व्याधाच्या भूमिकेसाठी मुत्तुराजाला निवडले आणि त्याला राजकुमार हे नवे नाव दिले. पुढे पन्नास वर्षे कर्नाटकाने ज्यांना डोक्यावर घेतले, ते नटवर राजकुमार हेच. २००६ साली ते निधन पावले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे नेत्र दान करण्यात आले. विनोदी नट नरसिंहराजू आणि ‘आदि शंकराचार्य’ हा पहिला संस्कृत चित्रपट काढणारे जी. व्ही. अय्यर हेही याच मंडळीत वाढले.

वीरण्णांच्या वाट्याला मानही पुष्कळ आले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. उतारवयात त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘कलेये कायक’, म्हणजे कला हेच कायक. कायक हा शब्द बसवेश्वरांच्या शिकवणुकीतला आहे. पोट भरण्यासाठी प्रामाणिकपणे केलेले कष्ट हीच पूजा, असा त्याचा आशय. ज्या काळात नाटक्या हा शब्द हेटाळणीने उच्चारला जाई, त्या काळातील एका नाटक्याने आपल्या धंद्याला हा शब्द लावावा, यात त्यांचा स्वाभिमान दिसून येतो. १९७२ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ दिली आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी त्यांचे देहावसान झाले. तुमकुरात आज त्यांच्या नावाचे कलामंदिर आहे, आणि नाट्यसेवा करणाऱ्यांना कर्नाटक शासन त्यांच्याच नावाचा पुरस्कार देते.

त्यांच्या मंडळीत आलेल्या आणखी एका मुलाची हकीकत सांगावयाची राहिली. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील एक मुलगा नाटकाच्या वेडापायी घरातून पळून आला आणि वीरण्णांच्या आश्रयाला राहिला. मुलाचा गळा चांगला होता. बुद्धी तीव्र होती. मंडळीत ठेवून घेतला असता तर कामाचा नट मिळाला असता. वीरण्णांना स्वतःला शाळेचा लाभ कधी फारसा झाला नव्हता. त्यांनी या मुलाला काशीस, विद्यापीठात एम. ए. होण्यासाठी पाठविले. तेथे त्याने पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे गायनाचेही शिक्षण घेतले. हा मुलगा म्हणजे बी. व्ही. कारंत. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक झाले आणि म्हैसूरची ‘रंगायण’ ही नाट्यसंस्था त्यांनीच उभारली. वीरण्णा गेले त्याच १९७२ साली कारंतांनी बेंगळुरात ‘जोकुमारस्वामी’ हे नवे नाटक उघड्या रंगमंचावर बसविले. हत्ती नव्हते, घोडे नव्हते, रंगविलेले पडदेही नव्हते. पण नट गाऊ लागले, तेव्हा त्या गाण्यांच्या चालींतून जुन्या नाटकमंडळीची पेटी ऐकू येत होती.