व्हान नील आणि प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या

वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात आणि ऑक्सिजन बाहेर टाकतात, हे वाक्य शालेय वयापासून इतके अंगवळणी पडलेले असते की, ऑक्सिजन हा या क्रियेचा गाभा आहे की केवळ तिचा एक परिणाम, अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती शंका ज्यांनी अभ्यासाने तडीस नेली, ते कॉर्नेलिस बर्नार्डस व्हान नील ४ नोव्हेंबर १८९७ रोजी हॉलंडमधील हार्लेम येथे जन्मले. सातव्या वर्षीच त्यांचे पितृछत्र हरपले. डेल्फ्ट येथे रसायनशास्त्राचे शिक्षण चालू असता पहिल्या महायुद्धामुळे त्यांना लष्करी सेवेत जावे लागले. १९२३ मध्ये पदवी मिळवून ते आल्बर्ट क्लायव्हर यांचे साहाय्यक झाले. सूक्ष्मजीवांच्या रासायनिक क्रिया वरवर कितीही भिन्न भासल्या, तरी त्यांच्या मुळाशी मोजकी समान तत्त्वे असतात, ही क्लायव्हर यांची दृष्टी शिष्याने पुरती आत्मसात केली.

१९२८ च्या अखेरीस डॉक्टरेट पदरी बांधून व्हान नील कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह येथील हॉपकिन्स सागरी केंद्रात गेले. सोबत एक जुना वाद होता. दलदलीच्या पाण्यात वाढणाऱ्या जांभळ्या जीवाणूंना प्रकाश हवा असतो, म्हणून जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकातच त्यांना वनस्पतींच्या पंक्तीत बसविले होते. परंतु १९०७ मध्ये मोलिश यांनी हे जीवाणू ऑक्सिजन सोडत नाहीत, असे दाखविले. मग यांच्या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणावे कसे? व्याख्या खरी मानली, तर जीवाणू बाहेर पडत होते. जीवाणू आत घ्यावेत, तर व्याख्या मोडत होती.

व्हान नील यांनी हे जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढविले आणि त्यांच्या आयव्ययाचा काटेकोर हिशेब मांडला. हायड्रोजन सल्फाइड जितके खर्ची पडे, त्या प्रमाणात कार्बन डाय-ऑक्साइडचे क्षपण होई, आणि मागे ऑक्सिजनऐवजी गंधक उरे. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दोन्ही क्रिया एका सूत्रात आणल्या. प्रकाशाच्या बळावर कोणत्या तरी दात्याकडून हायड्रोजन घेऊन कार्बन डाय-ऑक्साइडचे क्षपण करणे, हेच प्रकाशसंश्लेषण. दाता हायड्रोजन सल्फाइड असेल तर गंधक उरते. दाता पाणी असेल तर ऑक्सिजन उरतो. यातून निघणारा निष्कर्ष विलक्षण होता. झाडांनी सोडलेला ऑक्सिजन कार्बन डाय-ऑक्साइडमधून नव्हे, तर पाण्यातून येतो! १९४१ मध्ये रूबेन, केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन वापरून केलेल्या प्रयोगांनी या तर्काला पुष्टी दिली. चिखलातील जीवाणूंनी वटवृक्षाचे रहस्य सांगितले, ते असे.

सर्वच प्रकाशसंश्लेषी जीवांत प्रकाश प्रथम पाण्याचेच विघटन करतो, असेही त्यांनी मानले होते. जीवाणूंच्या बाबतीत हे गृहीतक पुढे टिकले नाही, आणि नवा पुरावा समोर येताच व्हान नील यांनी ते सोडून दिले. १९३८ ते १९६२ पर्यंत त्यांनी चालविलेल्या उन्हाळी वर्गाची कीर्ती मोठी होती. रॉजर स्टॅनियर यांच्यासारखे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ त्याच वर्गातून घडले. १० मार्च १९८५ रोजी व्हान नील यांचे निधन झाले.

त्यांच्या व्याख्येची उपयुक्तता महाराष्ट्रातही पडताळून पाहता येते. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीवांची रंगद्रव्ये हे निघाले. या कुळातील काही जातींच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन असते. १९७१ मध्ये त्याचा शोध प्रसिद्ध झाला. हरितद्रव्याची मदत न घेता ते प्रकाशाच्या जोरावर पेशीतील प्रोटॉन बाहेर ढकलते आणि त्यातून पेशीला ऊर्जा मिळते. तथापि त्या ऊर्जेने कार्बन डाय-ऑक्साइडपासून अन्न घडविले जात नाही. म्हणून व्हान नील यांच्या कसोटीने हा प्रकाशाचा उपयोग ठरतो, प्रकाशसंश्लेषण नव्हे. ऑक्सिजनची अट काढून ज्यांनी या व्याख्येचे दार जांभळ्या जीवाणूंना उघडून दिले, त्यांनीच तिचा उंबरठाही नेमका आखून ठेवला होता.