डॉ. सन यत् सेन

चीन देशावर दोन हजारांहून अधिक वर्षें सम्राटांनीं राज्य केलें. एकोणिसाव्या शतकांत मात्र तें प्राचीन सिंहासन डळमळूं लागलें. अफूच्या युद्धांत इंग्रजांनीं चीनचा पराभव केला; ती अफू आपल्याच देशांतून, मुंबई बंदरांतूनही, तिकडे जात असे. पुढें तैपिंगांचें भयंकर बंड झालें, आणि १८९४-९५ सालच्या युद्धांत जपाननेंही चीनची मानखंडना केली. अशा पडत्या काळांत प्रजासत्ताक राज्याचें स्वप्न ज्यांनीं उराशीं बाळगिलें, त्यांत अग्रस्थान डॉ. सन यत् सेन यांचें आहे.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८६६ रोजीं दक्षिण चीनमध्यें, मकावजवळील एका खेड्यांत, गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. १८७९ सालीं ते आपल्या वडील बंधूंकडे हवाई बेटांत गेले व होनोलुलू येथील मिशनच्या शाळेंत शिकले. नंतर हाँगकाँग येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि १८९२ सालीं तेथेंच वैद्यकीची पदवी संपादन केली.

रोग्यांची शुश्रूषा करतां करतां, सारें राष्ट्रच आजारी आहे, हें त्यांस दिसूं लागलें. प्रथम त्यांनीं ली हुंग चांग या वजनदार अधिकाऱ्याकडे सुधारणांविषयीं अर्ज पाठविला. त्याची दाद लागली नाहीं, तेव्हां त्यांनीं क्रांतीचा मार्ग धरिला. १८९५ सालीं कँटन येथील त्यांचा पहिलाच उठाव फसला. त्यांच्या बालमित्रास देहान्त शिक्षा झाली व त्यांस स्वतःस परदेशीं पळावें लागलें. पुढल्या वर्षीं लंडनमधील चिनी वकिलातींत त्यांस कोंडून ठेवण्यांत आलें. स्वदेशीं नेलें असतें, तर मृत्यु ठरलेलाच होता. परंतु एका नोकरामार्फत त्यांची चिठ्ठी त्यांचे गुरु डॉ. कँटली यांस पोंचली. गुरूंनीं सरकारचे दरवाजे ठोठावले, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, आणि सुमारें बारा दिवसांनीं शिष्याची सुटका झाली.

यानंतर देशोदेशीं हिंडून ते चिनी लोकांकडून द्रव्य जमवीत राहिले. १९०५ सालीं टोकियो येथें त्यांनीं क्रांतिकारकांची एकी केली. राष्ट्रीयत्व, लोकसत्ता व लोकांची उपजीविका हीं त्यांचीं तीन तत्त्वें होत. उठावामागून उठाव फसत गेले. तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं. अखेर १० ऑक्टोबर १९११ रोजीं वूचांग येथील सैनिक उठले. डॉ. सन त्या वेळीं अमेरिकेंत होते. ही वार्ता त्यांस वर्तमानपत्रांतच वाचावयास मिळाली!

१ जानेवारी १९१२ रोजीं नानकिंग येथें ते प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष झाले. पण उत्तरेकडील बलाढ्य सेना युआन शिकाई याच्या हातीं होती. यादवी टळावी म्हणून, बालसम्राट पू यी यानें १२ फेब्रुवारीस सिंहासन सोडतांच, डॉ. सन यांनीं आपलें पद युआनसाठीं मोकळें केलें. हा त्याग थोर खरा. परंतु ज्याच्यासाठीं केला तो माणूस त्यास पात्र नव्हता. १९१५ च्या अखेरीस युआन स्वतःच सम्राट होऊं पाहूं लागला. १९१६ सालीं तो वारला, आणि देश सेनापतींच्या झुंजींत सांपडला.

सत्ता सज्जनपणानें सोडली, तरी तिच्या रक्षणाची तरतूद हवी, हा धडा डॉ. सन फार मोठी किंमत देऊन शिकले. त्यांनीं कँटन येथें पुन्हा आरंभ केला. रशियाचें साह्य घेतलें, कम्युनिस्टांस आपल्या कुओमिंतांग पक्षांत प्रवेश दिला, व १९२४ सालीं व्हांपोआ येथें लष्करी विद्यालय काढलें. पुढें देशाच्या ऐक्यासाठीं बोलणीं करावयास ते पेकिंगला गेले. तेथेंच १२ मार्च १९२५ रोजीं कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्यामागें अनुयायांत एकी टिकली नाहीं. १९२७ सालीं चँग कै शेक व कम्युनिस्ट यांच्यांत वैर पेटलें. जपानची स्वारी व भयंकर यादवी यांनंतर १ ऑक्टोबर १९४९ रोजीं माओ यांनीं पेकिंग येथें लोकप्रजासत्ताकाची घोषणा केली. चँग तैवान बेटावर गेले. तरीही डॉ. सन यांचें नांव उभय पक्ष आदरानें घेत आले आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेंत एकदां अपयश आलें, तर आपण खचून जातों. या पुरुषाच्या वांट्यास जन्मभर अपयशच अधिक आलें, आणि एकसंध स्वतंत्र चीन त्यांस दिसलाच नाहीं. तरी प्रत्येक पराभवानंतर ते नव्यानें कामास लागले. त्यांचें मोठेपण यांतच आहे.