पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदनाच्या त्या संस्थापिका होत. दुष्काळ, वैधव्य व आप्तजनांचे मृत्यू यांच्या छायेत त्यांचे आयुष्य गेले. दुःखातही ईश्वरावर भरवसा ठेवण्याची त्यांची वृत्ती हा त्यांच्या ख्रिस्ती जीवनाचा गाभा मानला जातो. ही वृत्ती त्यांच्या ठायी एकाएकी निर्माण झाली नाही. तिच्यामागे अनेक वर्षांचा संशय आणि शोध होता.

बालपण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या रमाबाईंना दिली. अवघ्या काही महिन्यांच्या रमाबाईंना वेताच्या पेटीत घालून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुढे पुराणे सांगत देशभर फिरत राहिले.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने मरण पावली. आईच्या अंत्ययात्रेला खांदेकरी पुरेसे मिळेनात. अखेर दोघे ब्राह्मण मदतीला आले आणि मुलांनीच आईचा देह सुमारे तीन मैलांवरील स्मशानात नेला. रमाबाईंची उंची कमी असल्याने त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. व्रते, पूजा आणि दानधर्म यांत सर्वस्व खर्चूनही कुटुंब वाचले नाही. त्यामुळे त्यांची परंपरागत श्रद्धा ढासळली, असे त्यांच्या आठवणींवरून दिसते.

कलकत्ता आणि वैधव्य

भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. त्यांच्या संस्कृत प्रभुत्वामुळे तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. आसामातील सिलचर येथे असताना त्यांच्या हाती बंगालीतील लूकचे शुभवर्तमान आले आणि ख्रिस्ती धर्माविषयी त्यांचे कुतूहल जागे झाले.

धर्मांतर

१८८२ मध्ये पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी या भगिनींनी लंडनमध्ये चालवलेले सेवाकार्य त्यांनी पाहिले. ही करुणा कोठून येते, याचा शोध घेताना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चचे अधिकारी सांगतील ते निमूटपणे मानण्यास त्या तयार नव्हत्या. धर्मसिद्धान्तांविषयी त्यांनी मठातील भगिनींशी दीर्घ पत्रव्यवहार केला.

धर्म स्वीकारला असला तरी ख्रिस्ताशी व्यक्तिगत नाते आपल्याला १८९१ च्या सुमारास गवसले, असे त्यांनी पुढे नमूद केले. त्यानंतर प्रार्थना आणि ईश्वरावरील विसंबणे यांना त्यांच्या जीवनात मध्यवर्ती स्थान आले.

शारदासदन आणि मुक्तिसदन

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन ही निवासी शाळा काढली. पुढल्या वर्षी ती पुण्यास हलवण्यात आली. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून वाद उद्भवला. न्या. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, तर अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही रमाबाईंनी संस्था बंद केली नाही.

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांना स्वतःच्या कुटुंबाची वाताहत आठवली. त्या तेथे गेल्या आणि निराधार मुली व विधवांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या शेतजमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातूनही अनेक मुली आल्या. शिक्षणाबरोबर शेती, विणकाम आणि छपाई शिकवली जाई. अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीच्या शिक्षणाची सोय होती. ज्या आपत्तीने रमाबाईंना पोरके केले, तशाच आपत्तीतून वाचलेल्यांचे हे घर बनले.

अखेरची वर्षे

मनोरमाबाई संस्थेच्या कामात आईच्या प्रमुख सहकारी होत्या आणि कार्याचा वारसा त्याच चालवतील अशी अपेक्षा होती. २४ जुलै १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. रमाबाईंची श्रवणशक्ती पूर्वीच मंदावली होती व प्रकृतीही खालावली होती. तरीही हिब्रू आणि ग्रीक मूळ संहितांवरून सुरू असलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी थांबवले नाही. सामान्य स्त्रियांना समजेल अशी सोपी भाषा हे या अनुवादाचे उद्दिष्ट होते. मृत्यूच्या थोडे आधी हे काम पूर्ण झाले. कन्येच्या निधनानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे केडगाव येथे देहावसान झाले. हा अनुवाद मुक्तिसदनाच्या छापखान्यात छापून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.