संशय नोंदवून निर्णयापर्यंत पोहोचलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला

जबलपूर, १७ डिसेंबर : मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती आणि देशाचे माजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांची आज जयंती. अनेक मानाची पदे त्यांना अल्प वयात लाभली. तरीही घटनेच्या एका मूलभूत प्रश्नावर आपल्या मनातील संशय निकालपत्रात उघडपणे नोंदविण्यास ते कचरले नाहीत.

१९०५ साली लखनौ येथे जन्मलेल्या हिदायतुल्लांचे शालेय शिक्षण रायपूरला झाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. १९३० मध्ये त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. वकिलीच्या जोडीने ते विधी महाविद्यालयात अध्यापनही करीत. १९४३ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, तर १९५४ मध्ये, वयाच्या पन्नाशीपूर्वीच, तेथील मुख्य न्यायमूर्ती झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. निरनिराळ्या प्रदेशांतील न्यायव्यवस्था एका छत्राखाली आणण्याची जबाबदारी हिदायतुल्ला यांच्यावर पडली. नागपूरचे त्यांचे सहकारी न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. पुढे दोघेही सर्वोच्च न्यायालयात पुन्हा एकत्र आले. हिदायतुल्ला १९५८ मध्ये, मुधोळकर १९६० मध्ये.

१९६४ मध्ये सज्जनसिंग खटला पाच न्यायमूर्तींपुढे आला. नागरिकांच्या मूलभूत हक्कांना संसद घटनादुरुस्तीने कात्री लावू शकते काय, हा त्यामागील प्रश्न होता. १९५१ च्या शंकरीप्रसाद निकालाने संसदेचा तो अधिकार मान्य केला होता आणि सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्यासह तिघांनी तीच भूमिका कायम ठेवली. हिदायतुल्ला आणि मुधोळकर यांनी अंतिम निकालाशी सहमती दर्शविली. मात्र जुन्या निकालाच्या अचूकतेविषयीचा संशय दोघांनीही स्वतंत्र निकालपत्रांत नोंदविला. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करणे ही दुरुस्ती ठरते काय, असा प्रश्न मुधोळकरांनी उपस्थित केला.

पूर्ण युक्तिवाद न ऐकता जुना निकाल मोडणे हिदायतुल्लांनी टाळले, तसेच संशय गिळून बहुमतात विरून जाणेही टाळले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायमूर्तींचे पीठ सहा विरुद्ध पाच असे विभागले गेले. तोवर मुधोळकर निवृत्त झाले होते. हिदायतुल्लांनी स्वतंत्र निकालपत्र लिहून, मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाही, असा निर्णय दिला. एका मताच्या त्या बहुमतात त्यांचे मत निर्णायक ठरले.

ते मतही अखेरचे ठरले नाही. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात संसदेचा दुरुस्तीचा अधिकार मान्य झाला, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घालून. मुधोळकरांच्या प्रश्नाला असे उत्तर मिळाले.

हिदायतुल्ला १९६८ ते १९७० या काळात सरन्यायाधीश होते. १९६९ मध्ये त्यांनी काही आठवडे कार्यवाहक राष्ट्रपतिपद सांभाळले आणि १९७९ ते १९८४ या काळात ते उपराष्ट्रपती होते. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रायपूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.