पडत्या दगडाचा हिशेब

शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात एक उदाहरण हमखास असते. सेकंदाला १९.६ मीटर वेगाने चेंडू सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल आणि किती वेळाने हातात परत येईल? मी बरीच वर्षे शास्त्र शिकवले. मुले सूत्रात आकडे घालून भराभर उत्तर काढतात. दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली, उंची १९.६ मीटर. पण अगदी वर, क्षणभर थांबलेल्या चेंडूचे त्वरण किती, असे विचारले की वर्ग गोंधळतो. निम्मी मुले शून्य म्हणून मोकळी होतात. मला त्यांचा राग कधी आला नाही. ज्याने हा हिशेब जगाला शिकवला, त्या गॅलिलिओचेच निम्मे आयुष्य त्यात गेले होते.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ चा, इटलीतील पिसा गावचा. वडील विन्सेन्झो संगीतकार. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी त्याला पिसाच्या विद्यापीठात घातले. पण मुलाचे मन गणितात रमले आणि १५८५ मध्ये तो पदवी न घेताच बाहेर पडला. चारच वर्षांनी त्याच विद्यापीठात तो गणित शिकवू लागला. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. गॅलिलिओने पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून गोळे टाकून ते खोटे ठरवले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून आली असून अभ्यासकांना तिच्याविषयी शंका आहे. त्या काळात गॅलिलिओने गतीवर एक टिपण लिहिले, हे मात्र खरे. वर फेकलेल्या दगडाला हाताने दिलेला जोर हळूहळू संपत जातो आणि टोकाला तो वजनाशी बरोबरीत येतो, असे त्याने त्यात मांडले. माझ्या वर्गातली निम्मी मुले फारसे वेगळे म्हणत नसत!

खरी अडचण मोजण्याची होती. पिसाचा मनोरा सुमारे ५५ मीटर उंच. तिथून सोडलेला गोळा साडेतीन सेकंदांच्या आत जमिनीवर येतो. सेकंद दाखवणारे भरवशाचे घड्याळ तेव्हा नव्हते. लंबकाचे घड्याळ आले ते १६५६ मध्ये. मग एवढ्याशा वेळाचे भाग पाडायचे कसे? १५९२ मध्ये गॅलिलिओ पादुआला गेला आणि तिथल्या १८ वर्षांत त्याने यावर साधा उपाय काढला. पडणेच सावकाश करायचे! एका लांब लाकडी तुळईत गुळगुळीत पन्हळ कोरायची, तुळई थोडी तिरकी ठेवायची आणि ब्राँझची गोळी सोडायची. गोळी घरंगळत असताना एका भांड्याच्या बारीक नळीतून पडणारे पाणी पेल्यात धरायचे आणि ते तोलायचे. पाण्याचे वजन म्हणजे गेलेला वेळ. उतार वाढवला तरी नियम तोच राहतो, म्हणजे सरळ खाली पडतानाही तोच असणार, असा त्याचा तर्क होता.

त्यातून जे हाती आले, ते फार सुंदर आहे. पहिल्या क्षणात गोळी एक भाग जाते, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. बेरीज केली की १, ४, ९, १६. अंतर वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते. पन्हळीवर या अंतरांना दोऱ्या बांधल्या, तर गोळी त्यांवरून जाताना टाळासारखे समान ठोके ऐकू येतात. गॅलिलिओने असाच ताल धरला असावा, असे स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने १९७० च्या दशकात मांडले. संगीतकाराच्या मुलाला ते अवघड नव्हते.

नियम सापडला, पण कारण चुकले. १६०४ मध्ये व्हेनिसच्या पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने म्हटले. तो वेळेच्या प्रमाणात वाढतो, हे त्याला पुढे उमगले. मध्येच १६०९ मध्ये दुर्बीण आली, गुरूचे चंद्र दिसले आणि पडत्या दगडाचा हिशेब मागे पडला.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या मताचा पुरस्कार केल्याबद्दल २२ जून १६३३ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, रोमच्या धर्मन्यायालयापुढे त्याला आपले म्हणणे गुडघे टेकून मागे घ्यावे लागले. उरलेले आयुष्य नजरकैदेत गेले. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील घरी तो परतला आणि काही महिन्यांतच, एप्रिल १६३४ मध्ये, जवळच्या मठात राहणारी त्याची लाडकी लेक मारिया चेलेस्ते ३३ व्या वर्षी वारली. बापाची औषधे, कपडे, हिशेब ती मठातून पाहत असे. एवढ्या आघातानंतर हा म्हातारा पुन्हा तीस वर्षांपूर्वीच्या टिपणांकडे वळला. इटलीत छापायची सोय नव्हती, म्हणून १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे त्याचे दोन नव्या शास्त्रांवरचे पुस्तक निघाले. तोवर त्याचे दोन्ही डोळे गेले होते.

त्या पुस्तकात संपत जाणाऱ्या जोराची जुनी कल्पना एका पात्राच्या तोंडी येते आणि बाजूला ठेवली जाते. वस्तू का पडते हे नंतर पाहू, आधी ती कशी पडते ते मोजू, असा त्याचा रोख आहे. वर्गातल्या कोड्याचे उत्तरही तिथेच आहे. चेंडूचा वेग वर जाताना दर सेकंदाला ९.८ मीटरने घटतो, खाली येताना तेवढ्यानेच वाढतो आणि टोकाच्या क्षणीही हा बदल थांबत नाही. थांबला असता, तर चेंडू अधांतरीच राहिला असता!

८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओने आर्चेत्रीतच डोळे मिटले. आपल्या घरातले मूल या उदाहरणाशी अडले, तर सूत्र घोकून घेण्याची घाई करू नये. एक लांब पन्हळी पट्टी थोडी तिरकी ठेवावी, वरच्या टोकापासून १, ४, ९, १६ वितींवर दोरे बांधावेत आणि गोटी सोडून ठोके ऐकावेत. उदाहरण मग सोडवता येतेच.