शिकवणीवर जगलेला शास्त्रज्ञ : जॉन डाल्टन

शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकात अणूचे प्रकरण आले की जॉन डाल्टन हे नाव येते. अणुसिद्धान्ताची चार विधाने पाठ करून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या विधानांचा कर्ता कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता आणि आयुष्याची छत्तीस-सदतीस वर्षे तो गणित-रसायनाच्या खाजगी शिकवण्यांवर आपला चरितार्थ चालवीत होता, ही गोष्ट मात्र त्या प्रकरणात नसते.

इंग्लंडच्या उत्तरेस कंबरलंड परगण्यात ईगल्सफील्ड नावाचे खेडे आहे. तेथे १७६६ साली एका गरीब विणकराच्या घरी जॉनचा जन्म झाला. घराणे क्वेकर पंथाचे होते. पुरोहिताची मध्यस्थी न मानणारा, शस्त्र हाती न धरणारा आणि राजसत्तेच्या चर्चपुढे मान न तुकविणारा हा छोटा ख्रिस्ती समाज. या स्वाभिमानाची किंमत त्याला मोजावी लागे. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेताना आणि केंब्रिजमध्ये पदवी घेताना राजमान्य चर्चची तत्त्वे आपणांस मान्य आहेत असे लिहून द्यावे लागत असे. ते लिहून न देणाऱ्याला ही दोन्ही दारे बंद होती, आणि त्या काळी इंग्लंडमध्ये तिसरे विद्यापीठच नव्हते. म्हणून या समाजाने स्वतःच्या शाळा काढल्या, स्वतःचे शिक्षक घडविले. आपल्या वाचकांना याचा अर्थ अधिक उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

गावाजवळच्या क्वेकर शाळेत जॉनचे आरंभीचे शिक्षण झाले. त्याची गणितातील गती ओळखली ती गावातील एलिहू रॉबिन्सन या सुस्थितीतील गृहस्थांनी. रॉबिन्सन हवामानाची निरीक्षणे करीत, उपकरणे बनवीत. संध्याकाळी ते जॉनला आणि त्याच्याहून मोठ्या असलेल्या एका तरुणाला घरी बोलावून गणित शिकवीत. केळुस्कर गुरुजी आपल्या शाळेतला नसलेल्या भीमराव नावाच्या विद्यार्थ्याला चर्नी रोडच्या बागेत वाचनास पुस्तके देत, हे आपण सारे जाणतो. अशा माणसांची नावे शाळेच्या हजेरीपटावर शोधून सापडत नाहीत.

वयाच्या बाराव्या वर्षी जॉनने स्वतःच गावात शाळा काढली. प्रथम एका कोठारात, नंतर क्वेकरांच्या सभागृहात. विद्यार्थ्यांत अगदी लहान मुले होती, तशीच शिक्षकापेक्षा वयाने थोर मुलेही होती. त्यांतील काहींनी या छोट्या गुरुजींना मारामारीचे आव्हान दिल्याचे सांगतात. दोनएक वर्षांनी शाळा बंद पडली, मग काही काळ शेतीकाम. १७८१ मध्ये थोरला भाऊ जोनाथन याच्यापाठोपाठ जॉन केंडल येथील क्वेकर शाळेत साहाय्यक शिक्षक झाला आणि चार वर्षांनी दोघा भावांनी ती शाळा चालवायला घेतली. सुमारे साठ विद्यार्थी. काही तेथेच राहणारे. शिस्त फार कडक असे. धाकटा भाऊ त्यातल्या त्यात सौम्य, कारण त्याचे चित्त स्वतःच्या अभ्यासात गुंतलेले असे.

केंडललाच त्याला जॉन गफ भेटले. देवीच्या रोगाने लहानपणीच दृष्टी गेलेले हे गृहस्थ गणित, भाषा, वनस्पतिशास्त्र अशा अनेक विषयांत पारंगत होते. त्यांनी जॉनला लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि उच्च गणित शिकविले. जॉनने त्यांना पुस्तके वाचून दाखविली, त्यांचे लेखन करून दिले. शुल्क असे काही नव्हते. एकाजवळ विद्या होती, दुसऱ्याजवळ डोळे होते. (त्या डोळ्यांना रंग नीट दिसत नाहीत, हे जॉनला पुढे कळले. १७९४ मध्ये त्याने स्वतःच्या वर्णांधतेवर निबंध वाचला. काही भाषांत या व्यंगाला आजही त्याचेच नाव आहे.) गफ यांच्याच प्रेरणेने २४ मार्च १७८७ रोजी त्याने हवामानाची नोंदवही लिहावयास घेतली. त्याच काळात नियतकालिकांतून छापल्या जाणाऱ्या गणिती कोड्यांची उत्तरे तो पाठवी आणि बक्षिसे मिळवी.

वैद्यक किंवा कायदा शिकावा असे त्याच्या मनात आले होते. आप्तांनी उत्तेजन दिले नाही. १७९३ साली गफ यांच्या शिफारशीवरून मँचेस्टरच्या न्यू कॉलेजात गणित व निसर्गविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. हे कॉलेजही राजमान्य चर्चबाहेरच्या लोकांनीच उभारलेले होते. त्याची आर्थिक स्थिती खालावत गेली, तेव्हा १८०० मध्ये डाल्टन यांनी राजीनामा दिला आणि खाजगी शिकवण्या आरंभिल्या.

मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान संस्थेने आपल्या जॉर्ज स्ट्रीटवरील वास्तूत त्यांना खोली दिली. तेथेच प्रयोग, तेथेच शिकवणी. अंकगणित कच्चे असलेला लहान मुलगा, भूमिती शिकू पाहणारा तरुण, रसायनाची तोंडओळख हवी असलेला प्रौढ माणूस, ज्याची जशी गरज तसा पाठ. थोडक्या शुल्कावर हा अविवाहित, साधा माणूस समाधानाने राही. गुरुवारी दुपारी मित्रांसमवेत हिरवळीवर चेंडूंचा खेळ खेळणे एवढीच चैन. याच वर्षांत वायूंच्या आंशिक दाबाचा नियम, १८०३ मध्ये अणुभारांचे पहिले कोष्टक आणि १८०८ मध्ये त्यांच्या रसायनविषयक ग्रंथाचा पहिला भाग सिद्ध झाला. प्रत्येक मूलद्रव्यासाठी त्यांनी वर्तुळाचे निराळे चिन्ह योजले. अणू कसे जोडले जातात हे दाखविण्यासाठी त्यांचे मित्र, अभियंता पीटर इवर्ट यांनी लाकडी गोळे करून दिले. अदृश्य वस्तू डोळ्यांपुढे मांडण्याची ही धडपड शिकविणाऱ्याची आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्याला समोरच्या एका मुलाचा गोंधळलेला चेहरा रोज पाहावा लागतो, त्याला चित्र काढल्यावाचून गत्यंतर नसते.

इतक्या मोठ्या बुद्धीने मुलांची गणिते तपासण्यात आयुष्य घालवावे, याची हळहळ अनेकांनी केली आहे. एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. क्विनीन शोधणाऱ्या दोघांपैकी एक, पेल्तिए हे फ्रेंच रसायनज्ञ, डाल्टन यांना भेटण्यास मँचेस्टरला आले. एखाद्या भव्य महाविद्यालयात थोर प्राध्यापक भेटतील अशी त्यांची कल्पना. त्यांना आढळला एका लहान खोलीत एका मुलाच्या पाटीवर वाकलेला वृद्ध. आपण डाल्टन यांच्याशीच बोलत आहोत ना, असे पाहुण्यांनी विचारले. वृद्धाने होकार दिला आणि या मुलाचा हिशेब दुरुस्त करून होईपर्यंत बसावे, अशी विनंती केली.

हळहळ पूर्णतः खोटी नाही. एकट्याने शिकलेल्या व एकट्याने शिकविणाऱ्या माणसाचे दोषही डाल्टन यांच्या ठायी होते. पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू असतो असे त्यांनी गृहीत धरले; त्यामुळे अणुभार चुकले. गे-ल्युसॅक यांचा वायूंच्या आकारमानाचा नियम ही चूक दाखवू शकला असता, पण तो त्यांनी मानला नाही. बर्झेलियस यांची अक्षरचिन्हेही त्यांना रुचली नाहीत, आणि आज सारे जग तीच वापरते. बरोबरीचे सहकारी रोज भोवती असते तर हा हट्ट कदाचित सैल झाला असता. पण त्यांना बरोबरीच्यांत बसू न देणारा नियम त्यांनी केलेला नव्हता.

मान उशिरा आला. १८१० मध्ये डेव्ही यांनी रॉयल सोसायटीसाठी उभे राहण्यास सुचविले तेव्हा त्यांनी नकार दिला. पैशाची अडचण हे कारण असावे. १८२२ मध्ये त्यांना न विचारताच नाव सुचविले गेले व ते निवडून आले. १८३२ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय पदवी दिली. तारुण्यात ज्या विद्यापीठाने त्यांना उंबरठा ओलांडू दिला नसता, त्याचा लाल झगा या साध्या वेषाच्या क्वेकराने अंगावर घेतला. तो लाल रंग त्यांना दिसत नव्हता, ही गंमत त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. धर्ममताची ती अट इंग्लंडच्या विद्यापीठांतून बव्हंशी निघाली ती १८७१ च्या कायद्याने.

सरकारी निवृत्तिवेतन १८३३ पासून मिळू लागले, तरी शिकवणी सुटली नाही. १८३४ मध्ये सॅलफर्डच्या एका मद्य-उत्पादकाने आपले दोन मुलगे त्यांच्याकडे पाठविले. डाल्टन यांनी घाई केली नाही. दोन वर्षे अंकगणित आणि भूमिती, त्यानंतर रसायन. रसायनाचा आरंभ होतो न होतो तोच, १८३७ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ती शिकवणी तेथेच थांबली.

वाचा अस्पष्ट झाली, हात थरथरू लागला, पण हवामानाची वही चालूच राहिली. २७ जुलै १८४४ रोजी ते वारले. आदल्या संध्याकाळची नोंद कापऱ्या अक्षरांत त्या वहीत होती. सत्तावन्न वर्षांतील नोंदींची संख्या दोन लाखांवर जाते. मँचेस्टरमध्ये सुमारे चाळीस हजार लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले.

सॅलफर्डच्या त्या दोन भावांतील धाकटा, जेम्स ज्यूल, त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. तोही कोणत्या विद्यापीठात गेला नाही. कार्य आणि उष्णता यांचे प्रमाण मोजणारे आपले प्रयोग त्याने आदल्या वर्षीच प्रसिद्ध केले होते. ऊर्जेचे एकक आज त्याच्या नावाने ओळखले जाते. १८६० मध्ये तो मँचेस्टरच्या त्याच संस्थेचा अध्यक्ष झाला, जिच्या जॉर्ज स्ट्रीटवरील खोलीत त्याने डाल्टन यांच्यापुढे बसून भूमितीची प्रमेये सोडविली होती.